वावर गहाण टाकून सिनेमा शिकायचा का? (वाचकांचे प्रश्न, दादाची उत्तरं)

या महिन्यात आलेली बरीच पत्रं एकाच गोष्टीची आहेत, सिनेमा आणि टीव्हीच्या कामात शिरायचं कसं. त्यातली पाच घेतली. माझ्याबद्दल एवढंच की मी आर्वीकडचा, चौदा वर्षं मुंबईत मालिकांच्या सेटवर साउंडला होतो, आधी बूम म्हणजे लांब काठीवरचा माइक धरायचो मग आवाज रेकॉर्ड करणारा रेकॉर्डिस्ट झालो, आता गावी परत आलोय आणि अधूनमधून कामाला जातो. म्हणजे जे सांगतोय ते कॅमेऱ्याच्या मागं उभं राहणाऱ्या माणसाच्या बाजूनं सांगतोय.

दादा नमस्कार. मी आर्णी तालुक्यातला, बीए फायनलला आहे. मले सिनेमाच्या लाइनमध्ये जायचं आहे. एका इन्स्टिट्यूटवाल्यानं सांगितलं का एक वर्षाचा फिल्ममेकिंग डिप्लोमा आहे, फी साडेतीन लाख, शंभर टक्के प्लेसमेंट. बाबाजवळ चार एकर कोरडवाहू आहे, ते म्हणतात दोन एकर गहाण टाकू. आई काहीच बोलत नाही. काय करू? (वाचक, जि. यवतमाळ)

भाऊ, गहाण टाकू नको. बाकीचं नंतर वाच, आधी हे बाबांना सांगून ये.

आता कारण सांगतो. शंभर टक्के प्लेसमेंट हा शब्द या कामाला लागूच होत नाही. सेटवरची बहुतेक माणसं पगारी नोकर नसतात, कोणी रोजावर असतं त्याला आम्ही पर डे म्हणतो, कोणी एका प्रोजेक्टपुरतं, मालिका बंद झाली की सगळं युनिट रिकामं, मग ओळखीतून दुसरीकडून फोन येतो. आणि फोन कोणाला येतो तर ज्याच्यासोबत आधी काम केलंय अन् जो सकाळी सातचा कॉल असला की पावणेसातला उभा असतो त्याला. चौदा वर्षांत माझं सर्टिफिकेट कोणी मागितलं नाही. तू त्या इन्स्टिट्यूटमध्ये परत जा आणि विचार की एका कॅमेऱ्यामागं किती पोरं आहेत, शिकवणाऱ्यांनी स्वतः कोणती कामं केलीत, मागच्या बॅचच्या पोरांनी केलेल्या फिल्म दाखवा, अन् पास झालेल्या तिघांचे नंबर द्या मी स्वतः बोलतो. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर उठून ये.

पण तुझ्या पत्रात मला खटकलं ते वेगळंच. तुला नेमकं काय करायचंय ते त्यात कुठंच नाही. सिनेमाची लाइन अशी एक लाइन नसते रे. गावात कसा सुतार वेगळा, गवंडी वेगळा, वायरमन वेगळा, आचारी वेगळा, तसंच सेटचं आहे. डायरेक्शनच्या टीममध्ये एक जण फक्त दिवसाचं शेड्युल हाकत असतो, एक जण कंटिन्यूइटी लिहितो म्हणजे मागच्या शॉटमध्ये बाईच्या हातात किती बांगड्या होत्या, चहाचा कप किती भरलेला होता. कॅमेऱ्यात डीओपी म्हणजे मुख्य कॅमेरामन, त्याच्या हाताखाली फोकस सांभाळणारा फोकस पुलर, त्याच्याखाली अटेंडंट. लाइटवाले वेगळे. साउंडला रेकॉर्डिस्ट आणि बूमवाला. आर्टमध्ये सुतार, पेंटर, सेटिंगवाले, तिथं दोन दिवसांत वाडा उभा राहतो आणि तिसऱ्या दिवशी मोडतो. कॉस्च्युम, मेकअप. प्रॉडक्शनची माणसं लोकेशनची परवानगी, गाड्या, जेवण, पैसा बघतात. आणि शूटिंग संपल्यावर एडिटर, डबिंग, मिक्सिंग, कलर करणारे, कॉम्प्युटरवर दृश्यं घडवणारे व्हीएफएक्सवाले, ते तर सेटवर येतही नाहीत.

यातलं आपलं कोणतं हे ओळखायला मुंबईला जावं लागत नाही. बहिणीच्या लग्नात मांडव, जेवणावळ, पाहुण्यांच्या गाड्या हे सगळं तुझ्यावर टाकून घरचे निर्धास्त होत असतील तर तू प्रॉडक्शनचा माणूस आहेस, आणि त्या माणसाला काम कधी कमी पडत नाही हे मी डोळ्यानं पाहिलंय. पोळ्याला बैल सजवताना, गणपतीचं डेकोरेशन करताना जेवायची आठवण राहत नसेल तर आर्ट बघ. विहिरीवरच्या मोटारीचं बेअरिंग गेलं हे जो धुऱ्यावरून म्हणजे बांधावरून नुसत्या आवाजानं ओळखतो त्यानं साउंडकडं यावं, मी तसाच आलो.

शिकायचंच असेल, आणि शिकावं असं माझं मत आहे, तर आधी सरकारी दार ठोठाव. पुण्याची एफटीआयआय म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली, केंद्र सरकारची आहे. दिग्दर्शन, सिनेमॅटोग्राफी, एडिटिंग, साउंड, आर्ट डायरेक्शन हे तिथं तीन वर्षांचे कोर्स आहेत आणि टीव्हीचे एक वर्षाचे वेगळे. बहुतेक ठिकाणी पदवी कोणतीही चालते म्हणजे तुझी बीए झाली की तू बसू शकतोस, फक्त साउंडला बारावीला फिजिक्स लागतं आणि आर्ट डायरेक्शनला कला, आर्किटेक्चर अशा विषयातली पदवी. प्रवेश परीक्षा आहे, जागा फार थोड्या आहेत, एससी एसटी ओबीसी आरक्षण आहे, जातीचा दाखला आणि नॉन क्रिमी लेयर आत्ताच काढून ठेव कारण आपल्याकडं तहसीलमध्ये ऐन वेळी काय होतं ते तुला माहीत आहे. फी खाजगीच्या मानानं खूप कमी. गोंदियाहून येणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट पुण्याला जाते. कलकत्त्याला सत्यजित राय यांच्या नावाची अशीच दुसरी संस्था आहे, १९९५ची. आणि आपल्या वर्ध्याच्या महात्मा गांधी हिंदी विश्वविद्यालयात नाटक-सिनेमाचा विभाग आहे हे यवतमाळच्या पोरांनासुद्धा माहीत नसतं, माध्यम हिंदी आहे. एफटीआयआय २०१७पासून वेगवेगळ्या गावांत छोटे कोर्सही घेते, काही दिवसांचे, काही आठवड्यांचे. पहिल्यांदा असा एखादा कर, मग कळेल की आपल्याला हे खरंच आवडतंय की नुसता सिनेमा बघायला आवडतंय.

पहिल्या वेळी नंबर लागला नाही तर? तोवर हातात काम ठेव. दादासाहेब फाळके १९१२ला लंडनहून कॅमेरा घेऊन आले तेव्हा सिनेमा काढायला पैसा नव्हता, मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वाढताना थोडा थोडा करून शूट केला, ती छोटीशी फिल्म दाखवून भांडवल देणारा मिळवला आणि १९१३ला त्यांचा पहिला सिनेमा आला. तुझ्याकडं तर अख्खं वावर आहे. यंदा हरभरा पेरला की एका ओळीसमोर खुंटी ठोक, मोबाइल रोज त्याच खुंटीला टेकवून सकाळी सात वाजता दहा सेकंद शूट कर, पंचेचाळीस दिवस. फ्रेम हलू द्यायची नाही, एक्स्पोजर लॉक करायचं म्हणजे मोबाइल आपोआप उजेड कमीजास्त करणार नाही. उजेड रोज कसा बदलतो, धुकं आलं की रंगाचं काय होतं, फुलावर आल्यावर काय दिसतं हे तुला कोणी शिकवायची गरज पडणार नाही. एकही दिवस न चुकता केलंस तर मला पाठव, मी नक्की बघीन.

आणि आईशी एकदा एकट्यात बोल. ती गप्प आहे म्हणजे तिला काही म्हणायचं आहे.

मी वडस्याच्या एका नाटक कंपनीत चार सीझनपासून लाइट अन् माइक पाहून राहिलो. शिक्षण दहावी. मुंबईवाले झाडीपट्टीले काही समजतात का? मले टीव्हीत लाइटचं काम भेटन का? (वाचक, जि. गडचिरोली)

भेटन भाऊ. तू दहावी आधी लिहायला नको होतं, चार सीझन आधी लिहायला हवे होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, भंडारा गोंदिया चंद्रपूर गडचिरोली या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, दिवाळीपासून होळीपर्यंत मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत अशा निमित्तानं गावोगावी नाटकं होतात, रात्री उशिरा पडदा वर जातो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं, वडसा म्हणजे या सगळ्या कंपन्यांचं ठाणं. २०२३ला परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामाची. आता विचार कर, रोज नवीन गाव, कधी वीज कमी दाबाची, कधी जनरेटर, थंडीत दव पडून कनेक्शनमध्ये पाणी, अन् तरी लाइट लागलाच पाहिजे कारण समोर हजारो माणसं सतरंजी अंथरून बसलीत. हे ज्यानं चार सीझन केलं त्याला सेटवर केबल ओढायला कोणी शिकवणार नाही.

पण काही गोष्टी नव्यानं शिकाव्या लागतील. स्टेजवर तू शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला चेहरा दिसावा म्हणून लाइट टाकतोस. कॅमेऱ्याला तेवढ्याची गरज नसते, तिथं अर्धं काम लाइट अडवायचं आणि मऊ करायचं असतं, समोर कापड लाव, उजेड कापणारा कटर लाव, थर्माकोलवर मारून बाउन्स घे. दुसरं म्हणजे सकाळचा सीन संध्याकाळी सहापर्यंत चालतो आणि सहाच्या शॉटमध्येसुद्धा खिडकीतून येणारं ऊन सकाळचंच दिसलं पाहिजे. आणि रोल साउंड म्हटलं की पायाखालचं पानसुद्धा वाजू द्यायचं नाही, झाडीपट्टीत शिट्ट्या अन् वन्स मोअर यांची सवय झालेल्या माणसाला ती शांतता सुरुवातीला जड जाते.

शिरायचा रस्ता असा आहे. मुंबईत लाइट आणि कॅमेरे भाड्यानं देणारे असतात, सामानासोबत माणसंही तेच पाठवतात. कॅमेऱ्यासोबत जो अटेंडंट येतो तो पेटी उघडतो, लेन्स पुसतो, बॅटऱ्या चार्ज करतो, हळूहळू फोकसला बसतो, असे अटेंडंट म्हणून आलेले पुढं कॅमेरामन झालेत. लाइटचंही तसंच. अशा एखाद्या भाड्यानं देणाऱ्याकडं गोडाऊनला लाग, तिथं दहावी की बारावी कोणी विचारत नाही, सामान ओळखता येतं का आणि वजन उचलता येतं का एवढंच बघतात. होळीनंतर सीझन संपतो तेव्हा जा.

जाताना मात्र चार महिन्यांचा खर्च हातात ठेवूनच जा, हे मी कळकळीनं सांगतोय. टीव्हीत पैसा नव्वद दिवसांनी देण्याची पद्धत आहे, म्हणजे एप्रिलमध्ये केलेल्या कामाचे पैसे जुलै-ऑगस्टमध्ये. सेटवर नाश्ता जेवण मिळतं पण खोलीचं भाडं घरमालक नव्वद दिवस थांबून घेत नाही. माझे एका मालिकेचे शेवटचे दोन महिने बुडाले, मालिका अचानक बंद झाली, ऑफिसला कुलूप. तेव्हा माझ्याकडं लेखी काहीच नव्हतं. त्यानंतर मी रोज वहीत तारीख, शिफ्ट, किती वाजता सुटलो हे लिहायला लागलो आणि कॉलटाइमचे मेसेज कधी डिलीट केले नाहीत, पुढं एकदा त्याच वहीवर युनियनमध्ये तक्रार करून पैसे निघाले. मुंबईत प्रत्येक कामाची वेगळी युनियन आहे आणि त्या सगळ्यांचं मिळून एक फेडरेशन आहे. कार्ड पुढं काढावं लागेल, त्याची फी एकदम मोठी वाटते, पण कार्ड काढून देतो म्हणणाऱ्या एजंटला रुपयाही देऊ नको, युनियनच्या ऑफिसात स्वतः जा.

शिफ्ट बारा तासांची, कधी जास्त. दिवाळीला परत यावंसं वाटलं तर ये. वडसा आणि मुंबई दोन्ही करणारी माणसं मला हवी आहेत, कारण झाडीपट्टीतले चांगले हात एकेक करून निघून गेले तर ती रात्रीची नाटकं कोण उजळणार.

इन्स्टावर मेसेज आला, मालिकेत बहिणीचा रोल फायनल झाला, साडेबारा हजार रजिस्ट्रेशन अन् पोर्टफोलिओचे भरा, आज संध्याकाळपर्यंत. भरू का? (वाचक, अमरावती)

नाही. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. ऑडिशन न घेता रोल फायनल होत नसतो. भरले असतील तर हे वाचणं थांबव आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला आत्ता फोन लाव, जितक्या लवकर लावशील तितकी पैसे अडकवून ठेवायची शक्यता जास्त, ट्रान्झॅक्शनचा स्क्रीनशॉट ठेव.

माझी मुलगी बारावी सायन्स झाली. तिला एडिटिंग शिकायचं आहे. गावातल्या कीर्तनाचे, शाळेच्या गॅदरिंगचे व्हिडिओ ती मोबाइलवर जोडत असते आणि रात्रभर जागते. घरातले म्हणतात ते क्षेत्र पोरीबाळींसाठी नाही. मला तिला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायची भीती वाटते. (एक आई, वरूड)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

पोरीबाळींसाठी नाही म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगा. आपला सिनेमा सुरू झाला तोच एका बाईच्या हातानं. दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून कच्च्या फिल्मला भोकं पाडायच्या, फिल्म धुवायला मदत करायच्या, शूटिंगला पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहायच्या आणि वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक करायच्या. आणि एडिटिंगचंच म्हणाल तर एफटीआयआयमध्ये शिकलेल्या रेणू सलुजा यांनी एडिटिंगचे राष्ट्रीय पुरस्कार एकाहून जास्त वेळा घेतलेत.

भीतीचं म्हणाल तर ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. एडिटिंग हे टेबलावरचं काम आहे, बंद खोलीत, पण एपिसोड उद्या जायचा असला की रात्रीचे दोन वाजतात आणि तेव्हा घरी कसं जायचं हा खरा प्रश्न असतो. म्हणून ती कुठं कामाला लागेल तेव्हा पगाराच्या आधी दोन गोष्टी विचारायला शिकवा, रात्री सोडायला गाडी आहे का, आणि बायकांच्या छळाच्या तक्रारी ऐकणारी समिती आहे का. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अशी समिती असणं २०१३च्या कायद्यानं सक्तीचं आहे. विचारल्यावर ज्याला राग येतो तिथं पाठवू नका.

शिकायचं म्हणाल तर आधी पदवी होऊ द्या, वरूडला किंवा अमरावतीला, जी तिला आवडेल ती. ती तीन वर्षं फुकट जात नाहीत. दा विंची रिझॉल्व्ह नावाचं सॉफ्टवेअर आहे, मोठ्या सिनेमांना कलर करायला वापरतात तेच, त्याचं साधं व्हर्जन मोफत आहे. फक्त साध्या लॅपटॉपवर ते अडकतं, सोळा जीबी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड असलेला सेकंडहँड डेस्कटॉप मिळाला तर संत्र्याच्या पुढच्या बहाराला तेवढं करा, कोर्सच्या फीपेक्षा कितीतरी कमी पडेल. पदवीनंतर एफटीआयआयची परीक्षा द्यायला लावा, होस्टेल कॅम्पसमध्येच आहे. आणि बारावीला फिजिक्स आहे म्हणजे साउंडचंही दार उघडं आहे.

तिला माझ्याकडून एक काम सांगा. दोन तासांचं कीर्तन चार मिनिटांचं करायचं, असं की ज्यानं ते ऐकलं नाही त्यालाही महाराज काय सांगत होते ते कळावं आणि कुठं वाक्य कापलंय ते कळू नये. सुरुवातीला असिस्टंट एडिटर म्हणून लागल्यावर तिला दिवसभर फाइलींना नावं देणं, दोन हार्डडिस्कवर कॉपी ठेवणं, आवाज अन् चित्र जुळवणं हेच करावं लागेल, त्यात महिने जातात, पण ज्या मुलीला कीर्तन कुठं कापायचं ते कळतं ती त्या महिन्यांना कंटाळत नाही. हो म्हणा ताई.

मी आठ वर्षांपासून लग्नाचं शूटिंग करतो, फुलफ्रेम कॅमेरा, गिम्बल, ड्रोन सगळं आहे. दोन शॉर्ट फिल्म बनवल्या पण बघणारे म्हणतात लग्नाच्या व्हिडिओसारखी वाटते. मोठा कॅमेरा घेऊ का? (वाचक, पुसद)

कॅमेरा घेऊ नका भाऊ, तुमच्या फिल्मची लिंक होती ती मी बघितली, चित्र चांगलं आहे. आवाज कॅमेऱ्याच्याच माइकवरचा आहे, त्यातच सगळं हरवलंय. लग्नात आवाजाच्या जागी गाणं टाकून भागतं त्यामुळे आठ वर्षांत तुमचे कान वापरलेच गेले नाहीत. केरळातल्या एका खेड्यातून एफटीआयआयला साउंड शिकायला आलेल्या रेसूल पूकुट्टी यांना २००९ला ऑस्कर मिळाला तो आवाजाच्या कामाचा होता, आपल्याकडं मात्र अजून माइक ही शेवटी घ्यायची वस्तू आहे.

एक छोटा रेकॉर्डर आणि दोन कॉलर माइक घ्या. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर, आवाजाचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या म्हणजे कोणी ओरडलं तरी फाटत नाही. चित्र आणि आवाज वेगळे रेकॉर्ड होतात म्हणून प्रत्येक शॉटआधी क्लॅप, क्लॅप नसेल तर हातानं टाळी, एडिटला त्या टाळीवर दोन्ही जुळतात. शॉटआधी फ्रिज बंद, पंखा बंद, कूलर बंद. मे महिन्यात आपल्याकडं कूलर बंद करा म्हटलं की लोक चिडतात हे मला माहीत आहे, तरी करायचं, नाहीतर शूटिंग दिवाळीनंतर ठेवा. आणि प्रत्येक जागा सोडायच्या आधी सगळ्यांना गप्प उभं करून तीस सेकंद नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करायचा, दोन वाक्यांच्या मधली जी पोकळी राहते ती त्यानं भरते. कॅमेऱ्याला २५ फ्रेम आणि शटर पन्नासला म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाला ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, ट्यूबलाइटचं लुकलुकणं जातं. ड्रोनचं रजिस्ट्रेशन करून घ्या. स्लो मोशन या वेळी एकही नको.

तुमच्या दुसऱ्या फिल्ममध्ये मळणीचा सीन आहे, बाप थ्रेशर बंद करतो आणि पोराला विचारतो की तू खरंच चालला का. तिथं तुम्ही बासरी टाकलीय. ती काढा. दिवसभर चालणारं थ्रेशर बंद पडल्यावर कानात जे दडं बसल्यासारखं होतं, मग हळूहळू लांबचा कुत्रा, कोणाच्या तरी बैलाची घाटी, धुऱ्यावरची पाखरं ऐकू यायला लागतात, ते तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. यंदा सोयाबीन निघेल तेव्हा रेकॉर्डर घेऊन जा, थ्रेशर बंद व्हायच्या एक मिनिट आधी चालू करा आणि पाच मिनिटं हात लावू नका.